शिडाचा खडक आणि रक्ताची टेकडी

सिंगापूर बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर आज केपल बंदर आहे. तिथल्या चिंचोळ्या सामुद्रधुनीच्या पश्चिम तोंडाशी १८४८ सालापर्यंत पाण्यातून सरळ वर आलेला एक उंच खडक उभा होता. मलय दर्यावर्दी त्याला बातु बेरलायार म्हणत, म्हणजे शीड लावून निघालेला खडक. लांबून तो तसाच दिसे. चौदाव्या शतकात वांग दायुआन नावाचा चिनी प्रवासी या समुद्रात फिरला. १३४९च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या ग्रंथात त्याने लोंगयामेन, म्हणजे ड्रॅगनच्या दातांचे दार, अशा एका जागेचे वर्णन केले आहे. दाताच्या आकाराच्या दोन उंचवट्यांमधून तिथे पाण्याची वाट जाते. ही जागा म्हणजे हीच सामुद्रधुनी असे बहुतेक अभ्यासक मानतात. पश्चिमेकडे निघालेल्या जहाजांना इथले लोक अडवत नाहीत, पण माल भरून परतणाऱ्या जहाजांवर दोनतीनशे होड्या चालून येतात, म्हणून खलाशी बाणांपासून बचावाचे आडोसे आधीच बांधून ठेवतात, असेही तो नोंदवतो. एकाच वाटेवरून दोन समाजांचे नावाडी गेले, एकाला खडकात शीड दिसले आणि दुसऱ्याला दात. दोघांनीही तो पाण्यावरून पाहिला होता. जमिनीवरून पाहणाऱ्याला यातले काहीच सुचले नसते.

या प्रकरणात मला एक गोष्ट सिद्ध करायची आहे. सिंगापूर बेटाच्या किनाऱ्यावरची आणि आसपासच्या लहान बेटांवरची जुनी मलय नावे मुख्यतः होडीतून पाहणाऱ्याने ठेवलेली आहेत, आणि त्यांना चिकटलेल्या दंतकथा नंतर आल्या. पण त्या वाटेल तिथे आलेल्या नाहीत. जिथे डोळ्यांना दिसणारी खूण पुरेशी होती तिथे नुसते नाव टिकले. जिथे धोका पाण्याखाली, वाऱ्यात किंवा हवेत लपलेला होता, किंवा जिथे राजसत्तेला आपला हक्क अथवा आपले पाप लोकांच्या ध्यानात ठेवायचे होते, तिथे कथा रुजली. कथेतून नाव निघाले अशी आपली सहज समजूत असते, कारण कथा सांगणारा तसेच सांगतो. पुरावा मात्र बहुतेक ठिकाणी उलटा क्रम दाखवतो.

सुरुवात बेटाच्या नावापासूनच करायला हवी, कारण माझ्या म्हणण्याला पहिला अडथळा तिथेच येतो. मलय राजवंशांची कथा सांगणारा ‘सजाराह मलायु’ हा ग्रंथ जोहोरच्या दरबारात रचला गेला. त्याची सर्वांत प्रसिद्ध संहिता १६१२ सालाशी जोडलेली असून रचनेचे श्रेय परंपरेने बेंदाहारा, म्हणजे प्रधान, तुन स्री लानांग याला दिले जाते. त्यातली गोष्ट अशी. पालेंबांगचा राजपुत्र सांग निला उतामा बिंतान बेटावर आला. एकदा शिकारीला गेला असताना तो एका उंच खडकावर चढला, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर त्याला पसरलेल्या वस्त्रासारखी शुभ्र वाळू दिसली. ते तेमासेक, असे त्याला सांगण्यात आले. तो जहाजात बसून निघाला, वाटेत वादळ उठले, जहाजात पाणी भरू लागले. एकेक जड वस्तू समुद्रात फेकून झाली तरी जहाज हलके होईना, तेव्हा त्याने डोक्यावरचा मुकुट पाण्यात टाकला आणि वादळ शमले. किनाऱ्यावर उतरल्यावर त्याला लाल अंगाचा, काळ्या डोक्याचा, पांढऱ्या छातीचा एक चपळ प्राणी दिसला. तो सिंह असावा असे सोबतच्या जाणत्याने सांगितले आणि राजपुत्राने बेटाला सिंगापुरा हे नाव दिले.

सिंगापुरात सिंह कधीच नव्हता. आग्नेय आशियात कुठेच नव्हता. त्या रानात होते ते वाघ. मग हे नाव तर कुणाच्याही डोळ्यांना दिसलेल्या वस्तूवरून आलेले नाही, असा आक्षेप कोणी घेतला तर तो मान्य करावा लागेल. सिंहपूर हे त्या काळच्या हिंदू-बौद्ध राज्यांमधले प्रतिष्ठेचे नगरनाम होते. आजच्या व्हिएतनामच्या किनाऱ्यावर असलेल्या चंपा राज्यात एक सिंहपूर होते, कलिंगात एक होते. ज्याला राज्य स्थापायचे आहे तो बरोबर नाव घेऊनच येतो, आणि सिंह त्या नावाला पुरावा म्हणून मागून सापडतो. पण याच कथेत आणखी एक नाव आहे आणि ते राजपुत्र यायच्या आधीचे आहे. तेमासेक. १३६५ सालच्या जावानी ‘नागरकृतागम’ काव्यात ते तुमासिक म्हणून येते, वांग दायुआनच्या लेखनात दानमाशी म्हणून, आणि त्याचा संबंध बहुधा तासिक या पाणी किंवा समुद्र अशा अर्थाच्या शब्दाशी लावला जातो. म्हणजे एकाच बेटावर नावांचे दोन थर आहेत. एक समुद्रावरच्या माणसाचा, दुसरा सिंहासनावरच्या माणसाचा. ग्रंथकाराने दोन्ही प्रामाणिकपणे जपले, हे मला महत्त्वाचे वाटते. कथेची रचना पाहा: बेट प्रथम दिसते ते वाळूच्या रंगाने, म्हणजे नावाड्याला दिसावे तसे, मग येतो वादळाचा पट्टा, आणि नवे नाव जमिनीवर पाय टेकल्यानंतरच येते. दरबारी लेखकालाही समुद्रावरून येण्याची रीत मोडता आली नाही. सोळाव्या शतकातला पोर्तुगीज इतिहासकार जुआंव दे बारोश तर सिंगापूर या नावाचा अर्थच ‘फसवा थांबा’ असा देतो. व्युत्पत्ती म्हणून ते चूक आहे. पण एका राजाने दिलेले भारदस्त नावसुद्धा खलाशांनी आपल्या अनुभवाच्या भाषेत कसे वळवून घेतले, याचा तो उत्तम दाखला आहे.

आता मूळ मुद्द्याची खरी परीक्षा घेऊ. नाव आधी की कथा आधी, हे ठरवायला तारीख लागते, आणि सिंगापूरच्या नावांपैकी काहींच्या बाबतीत ती सुदैवाने मिळते. मॅन्युएल गोदिन्हो दे एरेदिया हा मलाकात जन्मलेला, पोर्तुगीज बापाचा आणि मकासार राजघराण्यातल्या आईचा मुलगा. तो लहानपणी गोव्याला जेसुइटांकडे शिकला आणि पुढे नकाशाकार झाला. १६०४चा म्हणून ओळखला जाणारा त्याचा सिंगापूरचा नकाशा आहे. त्यात ताना मेरा आहे, बेदोक नदी आहे, शाहबंदराची, म्हणजे बंदराच्या अधिकाऱ्याची, कचेरी आहे, आणि ब्लाकान माती हे नावही आहे. हे शेवटचे नाव म्हणजे पुलाउ बेलाकांग माती, आजचे सेंटोसा बेट.

बेलाकांग म्हणजे पाठ किंवा मागची बाजू, माती म्हणजे मृत्यू, मेलेले. अशा नावाला कथा चिकटली नसती तरच नवल. शेजारच्या पुलाउ ब्रानी बेटावरच्या योद्ध्यांचे आत्मे इथे विसावतात असे कोणी सांगे. समुद्री चाच्यांनी इथे माणसे मारली असे कोणी सांगे. तिसरी कथा सर्वांत पटण्यासारखी, कारण तिला इतिहासाचा आधार आहे: १८४०च्या दशकाच्या अखेरीस इथल्या बुगी वस्तीत तापाची साथ आली, माणसे पटापट मेली आणि बेटाला हे नाव पडले. ताप खरा होता. सिंगापुरातले डॉक्टर रॉबर्ट लिटल यांनी १८४८ साली त्याची चौकशी करून लेख लिहिला आणि ओहोटीला उघड्या पडून कुजणाऱ्या प्रवाळावर दोष ठेवला. डासाचा गुन्हा सिद्ध व्हायला अजून पन्नास वर्षे होती. पण नाव एरेदियाच्या नकाशात त्याआधी जवळजवळ अडीचशे वर्षे बसलेले आहे. साथीमुळे नाव पडले नाही. आधीच असलेल्या नावाने साथीला आपल्याकडे ओढून घेतले. लोकांनी मेलेल्यांकडे पाहिले, नावाकडे पाहिले आणि दोहोंची गाठ मारली.

मग नाव आले कुठून? मलय भाषेत माती हा शब्द माणसाच्या मरणापुरता नाही. वारा पडला की तोही माती होतो. आपण वारा पडला म्हणतो, ते वारा मेला म्हणतात. शिडाच्या होडीला उंच टेकड्यांच्या आडोशाला अचानक वारा मिळेनासा होतो आणि भरती-ओहोटीची ओढ मात्र चालूच असते, अशा जागेला ‘मागची मेलेली बाजू’ म्हणणे नावाड्याच्या तोंडी अगदी साहजिक आहे. हे एक वाचन आहे, निर्णय नव्हे. पण बेट मुख्य भूमीच्या लगोलग आहे, मधली वाट चिंचोळी आहे, आणि तिच्याच पश्चिम तोंडाशी शिडाचा खडक उभा होता. अशा ठिकाणी वाऱ्याची खबर ज्याला नको तो नावाडी कसला? १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेटाचे पर्यटनस्थळ करायचे ठरले तेव्हा हे अशुभ वाटणारे नाव बदलून शांती-समाधान सुचवणारे सेंटोसा हे नाव देण्यात आले. पर्यटकाला मृत्यूच्या बेटावर बोलावता येत नाही हे उघड आहे. तरी साडेतीनशेहून अधिक वर्षे नकाशावर टिकलेला समुद्राचा शब्द त्या बदलात गेला, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

एरेदियाच्या नकाशातले ताना मेरा, म्हणजे तानाह मेराह, लाल माती, हे नाव माझ्या मुद्द्याची दुसरी बाजू उघड करते. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून लाल मातीचे कडे होते. सामुद्रधुनीत शिरणाऱ्या जहाजाला ते दुरून दिसत. इतकी उपयोगी खूण, इतके जुने नाव, आणि तरी ‘सजाराह मलायु’त किंवा लोकांच्या तोंडी त्याची म्हणावी अशी मोठी कथा नाही. उलट बेटाच्या दक्षिण भागातल्या बुकित मेराह, म्हणजे लाल टेकडी, या नावाला मलय जगातल्या सर्वांत करुण कथांपैकी एक जोडलेली आहे. माती दोन्हीकडे लाल. मग कथा एकीकडेच का?

त्यासाठी ती कथा नीट ऐकायला हवी, आणि ती एका आधीच्या कथेपासून सुरू होते. पासाईहून आलेला तुन जाना खातिब नावाचा एक साधुपुरुष राजवाड्याजवळून जात होता. खिडकीत राणी होती. त्याने शेजारच्या सुपारीच्या झाडाकडे नुसते पाहिले आणि झाड दुभंगले. राणीला भुलवण्यासाठीच त्याने ही करामत केली, असे समजून राजाने त्याला ठार मारण्याचा हुकूम दिला. घाव बसला, रक्त सिंगापुरात सांडले, पण देह तिथून नाहीसा होऊन लांगकावी बेटावर सापडला. यानंतर सिंगापूरच्या किनाऱ्यावर तोदाक माशांचे थवे तुटून पडले. ते पाण्याबाहेर उसळत आणि किनाऱ्यावरच्या माणसांच्या छातीत, मानेत घुसत. राजा हत्तीवर बसून आला आणि त्याने माणसांना पायांची भिंत करून किनाऱ्यावर उभे केले. माणसे मरत राहिली. तेव्हा एक मुलगा म्हणाला की माणसांच्या पायांऐवजी केळीच्या खांबांचे कुंपण का करत नाही? तसे केले, माशांच्या चोची मऊ खांबांत रुतल्या आणि लोकांनी त्यांना मारून टाकले. दरबाऱ्यांनी राजाच्या कानात विष ओतले की हा पोरगा आताच इतका हुशार आहे, तर मोठेपणी काय करील. मुलाला मारण्यात आले. ग्रंथातली गोष्ट त्या मुलाच्या वधाचे पाप राज्याच्या माथी बसते तिथे संपते. लोकांनी ती पुढे नेली: मुलाचे रक्त टेकडीवरून वाहिले म्हणून टेकडी लाल, आणि केळीचे कुंपण जिथे उभारले ते तांजोंग पागार, कुंपणाचे टोक.

तोदाकचे इंग्रजीत सहसा तलवारमासा असे भाषांतर केले जाते आणि मग सगळी कथा परीकथा वाटू लागते, कारण तलवारमासा किनाऱ्यावर झुंडीने येऊन माणसांवर उड्या मारत नाही. पण मलय कोळ्यांचा तोदाक म्हणजे सुईसारख्या लांब चोचीचा, पृष्ठभागाजवळ थव्याने फिरणारा मासा. तो खरोखरच पाण्याबाहेर झेप घेतो, रात्री दिव्याच्या उजेडाकडे उसळतो, आणि उथळ पाण्यातल्या माणसांना त्याच्या चोचीने गंभीर जखमा झाल्याच्या, काही वेळा मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे कथेच्या तळाशी कोळ्याचा अनुभव आहे. कथेतला उपायसुद्धा कोळ्याच्या तर्काचा आहे: चोच जिथे रुतून बसेल असा मऊ अडथळा उभा करा. तांजोंग पागारचे कुंपण तर त्याहून साधे असण्याची शक्यता आहे. या किनाऱ्यांवर कोळी पाण्यात खुंट रोवून मासे धरण्याची कुंपणे घालत, आणि असे खुंट टोकाजवळून जाणाऱ्या प्रत्येक नावाड्याला ध्यानात ठेवावे लागत. मला हेच मूळ अधिक पटते. टेकडी लाल आहे ती लोहयुक्त मातीमुळे. रक्ताने रंगलेली टेकडी इतक्या पावसात एक हंगामही लाल राहिली नसती.

काही वाचक इथे पुढचे पाऊल टाकतात. वांग दायुआन सांगतो की सयामी लोकांनी सत्तर-एक जहाजांनिशी तेमासेकवर हल्ला केला आणि महिनाभर वेढा चालला. मग तोदाकचा हल्ला म्हणजे त्याच आरमाराचे रूपक का नसावे? हा मोह मी टाळतो. एका बाजूला मासे, दुसऱ्या बाजूला जहाजे, दोन्ही समुद्रातून आली, एवढ्या साम्यावर रूपक सिद्ध होत नाही. त्यापेक्षा ग्रंथकाराने कथेचा रोख कुठे ठेवला ते पाहावे. साधूचा अन्याय्य वध, मग शहाण्या मुलाचा अन्याय्य वध, आणि त्यानंतरच्या पिढ्यांत सिंगापूरचा पाडाव, असा हा क्रम आहे. शेवटचा राजा इस्कंदर शाह बेट सोडून पळतो आणि मलाका वसवतो. मलाका आणि जोहोरच्या राजघराण्याला आपले पूर्वज सिंगापूरहून का निघाले, हे सांगायचे होते, आणि त्याचे कारण दरबाराने नीतीत शोधले. पोर्तुगीज औषधविक्रेता तोमे पिरेश याने १५१२ ते १५१५च्या दरम्यान मलाकात ऐकलेली हकिकत वेगळी आहे. तिच्यात परमेश्वर नावाचा राजपुत्र सिंगापूरच्या अधिपतीचा खून करून बेट बळकावतो. दरबारी कथा हा खून सांगत नाही, पण राजघराण्याच्या माथी रक्त आहे एवढे मात्र लपवत नाही. म्हणून लाल टेकडीला कथा मिळाली आणि लाल कड्याला नाही. कडा फक्त वाट दाखवत होता. टेकडीवर दरबाराचे पाप ठेवायचे होते. आणि साधूचे रक्त सिंगापुरात व देह लांगकावीत, ही वरवर विचित्र वाटणारी गोष्ट नकाशावर ठेवली की तिचा आवाका कळतो. मलाकाच्या सामुद्रधुनीचे उत्तरेकडचे दार लांगकावी, दक्षिणेकडचे सिंगापूर. एका वधाची कथा संपूर्ण जलमार्गावर पसरवून ठेवली आहे, जेणेकरून दोन्ही टोकांच्या बंदरांत ती सांगितली जावी.

राजांचा विषय सोडून सिंगापूरच्या दक्षिणेकडच्या लहान बेटांकडे वळले की कथांचा सूर बदलतो. तिथे राजा नाही, नीती फारशी नाही, बुडणे मात्र सतत आहे. पुलाउ हांतु, भुतांचे बेट. दोन योद्धे समुद्रावर लढत होते, त्यांच्या रक्ताने पाणी गढूळ झाले, समुद्रतळाच्या जिनाने चिडून भोवरा उठवला आणि दोघांना गिळले. त्यांची दोन बेटे झाली, एक मोठे आणि एक छोटे. ओहोटीला या दोहोंमधून चालत जाता येते, भरतीला नाही. थोडे पूर्वेला पुलाउ सुबार लाउत आणि पुलाउ सुबार दारात, म्हणजे बहिणींची बेटे. मिनाह आणि लिना या अनाथ बहिणींपैकी लिनाला समुद्रावरच्या एका दांडग्या सरदाराने पळवले, मिनाह होडीतून मागे निघाली, वादळात बुडाली, लिनाने बहिणीसाठी उडी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी तिथे दोन बेटे दिसली. या दोन बेटांमधल्या वाटेत पाण्याची ओढ आजही इतकी जोरकस असते की पोहणाऱ्यांना आणि पाणबुड्यांना सावध केले जाते. दोन्ही कथांची घडण सारखी आहे: जोडबेट, मधली अरुंद वाट, आणि त्या वाटेत गिळणारे पाणी. भोवरा पाण्यावर काही वेळच दिसतो, मग सगळे सपाट. अशा धोक्याला खडकासारखे नुसते नाव देऊन भागत नाही. कोण बुडाले, का बुडाले, हे सांगावे लागते, म्हणजे पुढच्या पिढीतला मुलगा सपाट पाणी पाहून फसणार नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो बळकट आहे: कोणत्याही कथेत शोधायचेच म्हटले तर व्यवहाराचा अर्थ सापडतो, मग ही पद्धत चुकूच शकत नाही, आणि जी चुकू शकत नाही ती काही सिद्धही करत नाही. म्हणून जिथे ती लागू पडत नाही ती उदाहरणे मांडणे भाग आहे. कुसू बेटाची कथा सांगते की एका प्रचंड कासवाने बेट होऊन बुडणाऱ्या मलय आणि चिनी खलाशाला वाचवले. तिथे चिनी मंदिर आणि मुस्लिम दर्गे दोन्ही आहेत, आणि चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात आजही यात्रा भरते. ही कथा धोका सांगत नाही. ती दोन समाजांचे एकत्र नांदणे सांगते आणि बहुधा त्या यात्रेबरोबरच वाढली आहे. उत्तरेकडे पुलाउ उबिनची गोष्ट आहे: जोहोरपर्यंत पोहत जाण्याची पैज लावलेले बेडूक, डुक्कर आणि हत्ती यांचे खडक झाले. तीत थोडा पाण्याचा धाक आहे, पण मुख्यतः ती लहान मुलांना खडकांचे आकार दाखवण्याची गोष्ट आहे. फेबर टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या रादेन मास या जावानी राजकन्येच्या कबरीची कथा तर पूर्णपणे जमिनीवरची, कौटुंबिक कपटाची आहे. माझे म्हणणे इतकेच की मरणाच्या, बुडण्याच्या कथा नकाशावर विखुरलेल्या नाहीत. त्या अरुंद वाटांभोवती आणि आडोशाच्या पाण्याभोवती गोळा झालेल्या आहेत. उद्या कोणी खुल्या, निर्धोक किनाऱ्यावर तशाच कथांचा झुबका दाखवला तर हे विधान मागे घ्यावे लागेल.

आणखी एक शंका आहे, ती व्यवहारी माणसाची. दर्यावर्द्याला कथेचा उपयोग काय? तिच्यात दिशा नाही, पाण्याची खोली नाही. तुलनेला चिनी नकाशा हाताशी आहे. चिनी दर्यासारंग झेंग हे याच्या सफरींवर आधारलेला माओ कुन नकाशा १६२१ सालच्या एका युद्धशास्त्राच्या ग्रंथात छापला गेला. त्यात दानमाशी आहे, लोंगयामेन आहे आणि मार्गांवर होकायंत्राच्या दिशा लिहिलेल्या आहेत. परका नाखवा वर्षातून एकदा जातो, त्याला असा कागद लागतो. पण ओरांग लाउत, म्हणजे समुद्रमाणसे, त्या पाण्यातच राहत होती. होडी हेच त्यांचे घर. कालांग, सेलेतार, गेलाम अशा त्यांच्या टोळ्या होत्या आणि कालांग, सेलेतार व कांपोंग ग्लाम ही आजच्या सिंगापुरातली नावे त्यांची आठवण करून देतात. १८१९ साली ब्रिटिश अधिकारी रॅफल्स आला तेव्हा बेटावर साधारण हजार माणसे होती असे मानतात आणि त्यांत बहुसंख्य हीच होती. त्यांना दिशा पाठ होत्या. कथा त्यांना दुसऱ्याच कामासाठी हवी होती: कुठे थांबायचे नाही, कुठे रात्री जायचे नाही, कुठे आवाज करायचा नाही, हे मुलांच्या अंगवळणी पाडण्यासाठी. भूत सांगितले की मूल त्या वाटेला जात नाही. ओढ सांगितली तर ती पाहायला जाते.

या कथा फार उशिरा लिहिल्या गेल्या, विसाव्या शतकातल्या शाळेच्या पुस्तकांत आणि पर्यटनपत्रकांत त्यांना आजचे रूप आले, हे खरे आहे. पण उशिरा लिहिलेली म्हणजे खोटी असे मानण्याची मोठी किंमत सिंगापूरने एकदा मोजली आहे. रॅफल्सच्या काळी मलय लोक सिंगापूर नदीजवळच्या टेकडीला बुकित लारांगान, मनाईची टेकडी, म्हणत आणि तिथे जुन्या राजांची वस्ती होती असे सांगत वर जायला कचरत. ब्रिटिश अधिकारी जॉन क्रॉफर्डने १८२२ साली तिथे विटांचे पाये, मातीचा तट आणि खंदकाच्या खुणा पाहिल्या. तरी पुढे शंभर वर्षे बेटाचा इतिहास १८१९पासून सांगण्याचीच रीत राहिली. १९२८ साली त्याच टेकडीवर जलाशयासाठी खोदताना चौदाव्या शतकातल्या जावानी घडणीचे सोन्याचे दागिने सापडले, त्यांत कीर्तिमुख कोरलेला बाजूबंद होता. १९८४पासून पुरातत्त्वज्ञ जॉन मिक्सिक यांनी तिथे उत्खनन केले आणि चौदाव्या शतकातली समृद्ध वस्ती उघड केली. मनाईच्या कथेने ती जागा कशासाठी राखली होती ते तेव्हा समजले.

नदीच्या मुखाशी एक भला मोठा शिलालेख होता. ‘सजाराह मलायु’तला बदांग हा पहिलवान कलिंगहून सात जहाजे घेऊन आलेल्या मल्लाशी पैज लावतो आणि राजवाड्यासमोरचा प्रचंड दगड नदीच्या तोंडाशी भिरकावतो, तो दगड म्हणजे हाच, असे अनेक जण मानतात. त्यावर पन्नासेक ओळी होत्या, ज्या आजही कुणाला वाचता आलेल्या नाहीत. १८४३ साली इंग्रजांनी बांधकामासाठी तो फोडला. एक तुकडा सिंगापूरच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पाच वर्षांनी, १८४८ साली, वाट रुंद करण्यासाठी सुरुंग लावून बातु बेरलायारही उडवला गेला. नदीच्या तोंडाचा दगड आणि सामुद्रधुनीच्या तोंडाचा दगड. दोन्ही ठिकाणी आता कथा आणि नाव एवढेच मूळ पुराव्यातले शिल्लक आहे, आणि तरीही या कथांना करमणुकीच्या खात्यात टाकले जाते, हे मला अजिबात मान्य नाही.

किनाराही हलला आहे. १९६०च्या सुमारास सुमारे ५८० चौरस किलोमीटर असलेले सिंगापूर भराव घालून आज ७३०हून अधिक झाले आहे. तानाह मेराहच्या कड्यांचा मागमूस नाही, ते नाव आता मेट्रोच्या स्थानकावर आहे. तेलोक आयेर, म्हणजे पाण्याचा उपसागर, हा रस्ता समुद्रापासून दूर आत आहे, आणि तांजोंग पागार हे टोक राहिलेले नाही. पण समुद्रावरच्या नावांचा आणि ती ठेवणाऱ्या माणसांचा हिशेब अगदी अलीकडे एका न्यायालयात मांडला गेला. सिंगापूरच्या सामुद्रधुनीच्या पूर्व तोंडाशी पक्ष्यांच्या विष्ठेने पांढरा झालेला एक खडक आहे. मलय नावाड्यांनी त्याला बातु पुतेह म्हटले, पोर्तुगिजांनी पेद्रा ब्रांका. दोहोंचा अर्थ पांढरा दगड. १८५१पासून त्यावर हॉर्सबर्ग दीपस्तंभ आहे. मलेशिया आणि सिंगापूर यांच्यातला त्याच्या मालकीचा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. २३ मे २००८च्या निकालात न्यायालयाने मान्य केले की या पाण्यात वावरणाऱ्या ओरांग लाउतांची जोहोरच्या सुलतानाशी असलेली निष्ठा हा त्या खडकांवरच्या सुलतानाच्या जुन्या हक्काचा पुरावा ठरतो. पुढच्या काळातल्या घटनांमुळे पांढरा खडक सिंगापूरला मिळाला, शेजारचे मधले खडक मलेशियाला. ज्यांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही, त्या होडीत राहणाऱ्या माणसांच्या वावराला न्यायाधीशांनी कागदपत्रांच्या बरोबरीने वजन दिले.